शेऱ्याचा रकाना

ती वही कारखान्यातली नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. कारण तसे कोणी म्हटलेले तिच्या मालकाला खपत नसे. सुपेल्याच्या बाजारातून रोख पैसे मोजून आणलेली, लाल कापडी पाठीची, लांबट हिशेबाची वही ती. आखणी मात्र कारखान्यातल्या नोंदवहीसारखीच होती : अनुक्रमांक, तारीख, चित्रपटाचे नाव, भाडे, प्रिंटची स्थिती आणि अगदी उजवीकडे, सर्वांत रुंद असा शेऱ्याचा रकाना. १९८४ च्या दिवाळीपासून १९९६ च्या उन्हाळ्यापर्यंत, भिलाईच्या एका सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये भाड्याने आणून पाहिलेला प्रत्येक चित्रपट या वहीत नोंदलेला आहे.

वहीचे मालक मूळचे वर्ध्याकडचे. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, तेव्हा ते शाळेत होते. आणि पुढे नोकरीसाठी येथे आले, तेव्हा आपण परप्रांतात चाललो आहोत असे त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांना वाटलेच नाही. दुर्ग जिल्हा हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांताचाच भाग होता आणि १९५६ ची प्रांतरचना त्या पिढीच्या मनात अजून पुरती मुरलेली नव्हती. प्रत्यक्षात गाडीतून उतरल्यावर कानावर पडली ती छत्तीसगढी, क्वार्टरच्या एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला मल्याळी, समोर तेलुगू, आणि या सर्वांना एकमेकांशी भांडता यावे म्हणून हिंदी. कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिलेला. त्यामुळे बाजारात अधूनमधून रशियन तंत्रज्ञांची कुटुंबेही भाजी निवडताना दिसत. अशा वस्तीत मराठी ही घराच्या आतली भाषा झाली. तीही मुले शाळेत जाऊ लागेपर्यंतच.

या गृहस्थांचे काम रेल मिलमध्ये होते. तापून लाल झालेला पोलादाचा ठोकळा लाटला जाऊन रूळ होतो, थंड होतो, सरळ केला जातो, आणि मग त्याची तपासणी होते. देशभरच्या रेल्वेगाड्या ज्यावरून धावायच्या, तो हा माल. त्यामुळे तपासनिसाला तडजोड माहीत नसावी अशी अपेक्षा असे. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटात बारीक भेग असू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून ध्वनिलहरींचे यंत्र लावून पाहावी लागते. रूळ एक तर पास होतो, नाही तर रिजेक्ट. ‘बरा आहे’ असा शेरा तेथे नाही. ही सवय घरी येताना कारखान्याच्या फाटकावर ठेवून यायची असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आजच्या वाचकाला व्हिडिओच्या रात्रीची कल्पना थोडी द्यावी लागेल. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी देशात आली आणि तिच्यामागोमाग व्ही.सी.आर. वर्ष-दोन वर्षांत गल्लीगल्लीत कॅसेटी भाड्याने देणारी दुकाने निघाली. यंत्र विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. म्हणून तेही एका रात्रीपुरते भाड्याने मिळे. चार घरांनी वर्गणी काढायची, शनिवारी संध्याकाळी स्कूटरवर दोघांनी जायचे, मागच्याने यंत्र लहान मुलासारखे मांडीवर धरायचे, आणि सोबत तीन किंवा चार कॅसेटी. सकाळी दुकान उघडताच सर्व परत. म्हणजे रात्र जेवढी लांबेल तेवढे भाडे वसूल. सतरंज्या अंथरल्या जात. पहिला चित्रपट मुलांसाठी, दुसरा बायकांसाठी, तिसरा पहाटेपर्यंत जागणाऱ्या पुरुषांसाठी, आणि तो संपता संपता सकाळच्या शिफ्टचा भोंगा होई.

वर्तमानपत्रातला समीक्षक चित्रपट पाहतो तो आमंत्रणावर, मऊ खुर्चीत; आणि मत देणे हे त्याचे कामच असते. चित्रपटाच्या भाडेकरूला मत कोणी विचारत नाही. पण त्याने पैसे दिलेले असतात, झोप दिलेली असते, शिवाय रिमोट त्याच्या हातात असतो. थिएटरात माणूस अंधारात अडकलेला असतो. उठून जायचे तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात. घरी एक बटन दाबले की नायकनायिका झाडांभोवती चिमण्यांसारखी भुर्रकन फिरून येतात. या बटनाने सामान्य प्रेक्षकाला संकलक करून टाकले, आणि त्याच्या जिभेचा उरलासुरला संकोचही घालवला.

वहीतले शेरे त्या स्पष्टपणाचे आहेत. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) या चार तासांच्या चित्रपटापुढे लिहिले आहे : “तीन चित्रपट एका भाड्यात. पहिला, शाळेचा : पास. दुसरा, सर्कशीचा : रशियन बाई खरी वाटते, कारण ती कमी बोलते. तिसरा : बटन दाबून पाहिला, तरी लांब वाटला.” ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ (१९६१) : “इंग्रजी समजले नाही. तोफा समजल्या. पास.” ‘सायको’ (१९६०) : “पास. पण घरात सर्वांना एकाच रात्री दाखवणे ही चूक. आठवडाभर न्हाणीघराबाहेर कोणाला तरी उभे राहावे लागले.” ‘मैंने प्यार किया’ (१९८९) दोनदा नोंदलेला आहे, दोन्ही वेळा ‘मुलीच्या हट्टामुळे’ असे भाड्याच्या रकान्यातच स्पष्टीकरण आहे, आणि शेरा एवढाच : “कबुतराचे काम चांगले.”

‘शोले’ (१९७५) वरचा शेरा अर्धे पान व्यापतो, पण त्यातला बहुतेक भाग सुरुवातीच्या मालगाडीच्या प्रसंगावर आहे. घोडे, बंदुका, डाकू यांच्याकडे त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही; रुळांची स्थिती, वळणावरचा वेग आणि इंजिन चालवणाऱ्याचे धैर्य यांचाच विचार आहे. पुष्कळ वर्षांनी, चित्रपटाचा मूळ शेवट वेगळा होता, त्यात ठाकूर गब्बरला स्वतःच ठार मारतो, आणि आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे तो बदलावा लागला, हे त्यांच्या वाचनात आले. तेव्हा वेगळ्या शाईने खाली एक ओळ वाढवलेली आहे : “पोलीस नेमके त्याच क्षणी कसे पोचतात, याचे कारण आज कळले. त्यांची वेळ दिग्दर्शकाने नव्हे, सेन्सॉरने ठरवली होती.”

‘हम आपके हैं कौन’ (१९९४) च्या वेळी निर्मात्यांनी व्हिडिओचे हक्क राखून ठेवले होते. बाजारात जे मिळे ते थिएटरात चोरून चित्रित केलेले. प्रिंटच्या रकान्यात ‘फार खराब’ आणि शेऱ्यात : “पडद्यासमोरून एक माणूस दोनदा उठून बाहेर गेला. चित्रपटाबद्दलचे त्याचे मत कळले. आमचेही तेच.”

शेरा बदलण्याचा प्रामाणिकपणाही या वहीत आहे. ‘जाने भी दो यारों’ (१९८३) प्रथम पाहिला तो रात्रपाळी करून आल्यावर, अर्धवट झोपेत, शेरा : “पोरखेळ.” सव्वा वर्षाने तो पुन्हा आला. शेरा : “मागील शेरा रद्द. तपासनीस झोपेत होता.” पुढे, दोन मित्र अखेरीस कैद्यांच्या वेषात रस्त्यावरून चालत येतात, त्या दृश्याबद्दल एकच वाक्य आहे : “एवढे हसल्यावर असे करणे बरे नव्हे, पण खरे आहे.” ‘अर्धसत्य’ (१९८३) पुढे फक्त “पास. झोप नाही” असे आहे, मात्र नावाखाली बारीक अक्षरात, मूळ कथा मराठी, श्री. दा. पानवलकर, पटकथा तेंडुलकर, अशी नोंद आहे. ही नोंद वहीपुरती नव्हती. ती त्यांनी त्या रात्री सतरंजीवर बसलेल्या सर्व भाषांच्या शेजाऱ्यांना, चित्रपट मध्येच थांबवून, ऐकवली होती.

ज्याला भाडे पडले नाही असा एकच चित्रपट वहीत आहे. सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ (१९८१) दूरदर्शनसाठी तयार झाला होता आणि त्याचे चित्रीकरण रायपूरच्या परिसरात, म्हणजे भिलाईच्या वस्तीबाहेर जी भातखाचरे आणि मातीची घरे सुरू होतात त्याच मुलुखात झाले होते. दूरदर्शनवर तो लागला तेव्हा घरी धुणीभांडी करायला येणारी बाई दाराशी टेकून पाहत होती. “ये तो हमर गाँव असन हे,” ती हसून म्हणाली. मग ओम पुरींचा दुखी ते गाठाळ लाकूड फोडायला लागला. घाव बसत होते, लाकूड फुटत नव्हते. ती शेवटापर्यंत थांबली नाही. तिला दुसऱ्या घरी जायचे होते, किंवा तसे ती म्हणाली. शेऱ्याच्या रकान्यात पास नाही, रिजेक्ट नाही. लिहिले आहे : “बाईने दुसऱ्या दिवशी विचारले, ते लाकूड मग कोणी फोडले. सांगता आले नाही.”

आतापर्यंतची पाने चाळणाऱ्याला हा माणूस निर्भीड वाटेल, आणि तो तसा होताही. परंतु वहीत आणखी एक प्रकारच्या नोंदी आहेत, आणि त्यांचा रकाना पाहिला की शंका येते. ‘पिंजरा’ (१९७२) : “पाहिला.” ‘सिंहासन’ (१९७९) : “पाहिला.” ‘उंबरठा’ (१९८२) : “पाहिला.” ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) : “पाहिला. सर्व हसले.” बाराएक वर्षांत अठरा मराठी चित्रपट, आणि एकाही ठिकाणी निकाल दिलेला नाही. चांगल्याला चांगले म्हटलेले नाही, मग वाइटाचे नावच नको.

या कॅसेटी सुपेल्यात मिळत नसत. नागपूरला कोणी निघाले की त्याच्याजवळ यादी आणि पैसे द्यायचे, सीताबर्डीच्या दुकानातून त्याने त्या आणायच्या, आणि पुढच्या खेपेला परत न्यायच्या. भाडे चौपट पडे. म्हणून मराठी चित्रपट वर्षातून एखाद-दोनदा, बहुधा गणपतीच्या दिवसांत, आणि तो एकट्याने पाहायचा नसे. आळीला बोलावणे जाई. सर्वांसमोर आपला चित्रपट लागायचा. तेव्हा यजमानाने त्यातली खोट कशी काढावी? घरच्या कार्यात वरण खारट झाले म्हणून वाढपी ओरडून सांगत नाही. ते पडद्याशेजारी उभे राहून संवादांचा हिंदीत अर्थ सांगत, आणि विनोद सांगून झाल्यावर लोक हसेपर्यंत थांबत. ‘बनवाबनवी’च्या वेळी शेजारचे बंगाली बाबू अर्थ सांगण्यापूर्वीच हसू लागले, याचा त्यांना फार आनंद झाला. संपल्यावर बाबूंनी प्रेमानेच सांगितले की ही गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) मधली आहे, त्यांनी ती कलकत्त्याला पाहिली होती. ते खरेच होते. गृहस्थांनी चहा दिला, हसले, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. वहीतही काढला नाही.

मग १९९२ च्या गणपतीत ‘माहेरची साडी’ आला. आदल्या वर्षी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने महाराष्ट्रात गर्दीचे विक्रम केल्याच्या बातम्या नागपूरच्या पेपरांतून भिलाईपर्यंत पोचल्या होत्या. एका राजस्थानी चित्रपटावर तो बेतलेला होता, पण ते तेव्हा या आळीत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या रात्री खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि त्या रात्री, प्रथमच, अर्थ सांगावा लागला नाही. सुनेचा छळ सुरू झाला तशी तेलुगू बाई डोळ्यांना पदर लावून बसली, मल्याळी बाई रडली, धुणीभांडी करणारी तर हुंदके देऊ लागली. गृहस्थांच्या पत्नीला मध्येच उठून तोंड धुवावे लागले. ते स्वतः दाराच्या चौकटीत उभे होते. त्यांची नजर तपासनिसाची. ती मिटता येत नव्हती. भेगा त्यांना पहिल्या अर्ध्या तासातच दिसल्या होत्या. पण सगळी आळी एका मराठी चित्रपटासाठी रडते आहे, ही गोष्ट पंचवीस वर्षांत घडली नव्हती, आणि तिच्यापुढे भेगांचे काय एवढे, असे त्यांनी स्वतःला समजावले.

त्यांची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती पुढे, टी.व्ही.जवळ, उशी मांडीवर घेऊन बसली होती. एका शांत क्षणी तिने मान वळवून, खोलीतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, हिंदीत विचारले, “बाबा, ये एक बार भी पलट के जवाब क्यों नहीं देती?”

कोणी तरी हसले. दोन बायका, ज्या रडत होत्या, त्याही हसल्या. चित्रपटाचा जो काही ताबा होता तो सुटला. आणि मुलीला प्रोत्साहन मिळाल्यासारखे वाटून ती म्हणाली, “बोअर है. आगे करो ना.”

“गप्प बस,” ते म्हणाले. “आपला चित्रपट आहे.”

एवढेच. आवाजही फार चढलेला नव्हता. पण याच माणसाने तिला ‘जोकर’चा तिसरा भाग बटन दाबून पळवायला शिकवले होते, कबुतराच्या अभिनयावर तिच्याशी वाद घातला होता, आणि आवडले नाही तर का आवडले नाही ते सांग, असे तिच्यामागे लागून विचारले होते. मुलीने उशी उचलली आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. रात्री दोन वाजता पाहुणे गेल्यावर वहीत नोंद झाली : “पाहिला. सर्व बायका रडल्या.” नोंद खरी होती. आयुष्यभर ज्याने एक सदोष रूळ पुढे जाऊ दिला नाही, त्याने तो त्या रात्री जाऊ दिला.

पुढच्या वर्षी ‘सामना’ची कॅसेट मिळाली. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांच्या पटकथेचा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला चित्रपट. एक दारुडा मास्तर एका नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी सोडत नाही, आणि साखर कारखान्याच्या जिवावर मोठा झालेला पुढारी त्या चौकशीने हळूहळू पोखरला जातो, अशी त्याची कथा. हा नक्कीच पास होता, त्यांनाही ते माहीत होते, आणि मुलीने तो पाहावा असे त्यांना फार वाटत होते. तिने दारातूनच विचारले, “मराठी है क्या?” आणि ती मैत्रिणीकडे गेली. रकान्यात नेहमीप्रमाणे : “पाहिला.”

याच सुमारास केबल आली. गल्लीत वायरी लोंबू लागल्या. कॅसेट आणायची, परत करायची यातायात संपली. सुपेल्याच्या दुकानाने काही दिवस टेलिफोनचा बूथ चालवला, मग सीडी ठेवल्या, आणि नंतर ते कशाचे दुकान झाले हे पाहायला गृहस्थ गेलेच नाहीत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे राज्य झाले. त्याच्या काही दिवस आधी ‘मोर छइहाँ भुइयाँ’ लागला आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईने तो थिएटरात जाऊन तीनदा पाहिल्याचे सांगितले. तिला तो कसा वाटला, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, आपला आहे ना. त्यावर ते काही बोलले नाहीत.

मुलगी शिकली, नोकरीला लागली, आणि लग्न होऊन गेली ती पुण्याला. म्हणजे ज्या प्रांताच्या कॅसेटी चौपट भाडे देऊन मागवाव्या लागत, त्याच्या मधोमध. तिची मराठी तेथे लोक ऐकतात आणि तुम्ही इंदूरच्या का, असे विचारतात. तरीही ती बोलते, आता भिलाईला आली की आईवडिलांशीही मराठीतच बोलते, मध्येच हिंदी शब्द आला तर थांबून मराठी शोधते. नोकरीतून निवृत्त झालेल्या वडिलांनी क्वार्टर सोडून नेहरूनगरला घर घेतले. तेथे गेल्या हिवाळ्यात माळा आवरताना तिला ती लाल पाठीची वही सापडली.

ती जमिनीवर बसून वाचत सुटली. कबुतराच्या शेऱ्यावर मोठ्याने हसली. मग हसणे कमी झाले आणि पाने मागेपुढे होऊ लागली.

“बाबा, मराठीचे सगळे रकाने रिकामे आहेत.”

“रिकामे कुठे? पाहिला असं लिहिलंय.”

“तो काही शेरा नाही.”

ते पेपर वाचत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “तेव्हा वाटायचं, आपणच नावं ठेवली तर तुम्ही पोरं कशाला बघाल?”

“आणि आम्ही बघितले का?”

याचे उत्तर त्यांनी दिले नाही. तिने शिसपेन्सिल घेतली आणि एकेक रकाना भरायला सुरुवात केली. पुण्यात गेल्यावर तिने यांतले पुष्कळसे पाहिले होते. आता त्यासाठी नागपूरला निरोप धाडावा लागत नाही. ‘सिंहासन’ : “पास. एकदा पाहून सगळी माणसे लक्षात राहत नाहीत, पण तसे ठेवणे मुद्दाम असावे.” ‘बनवाबनवी’ : “पास. कुठूनही घेतलेला असो.” ‘उंबरठा’ : “पास. आईबरोबर पुन्हा पाहायचा आहे.” ‘सामना’पुढे तिने बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली. “प्रश्न विचारत राहणारा मास्तर आवडला. मला हा तेव्हाच का नाही दाखवला?”

“दाखवत होतो,” तिच्या खांद्यावरून वाचत ते म्हणाले. “तूच निघून गेलीस.”

‘माहेरची साडी’चा रकाना तिने तसाच सोडला आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. “हा तुमचा.”

चश्मा शोधण्यात वेळ गेला. पेन्सिल त्यांनी नाकारली. नोंद शाईतच व्हायला हवी. जुन्या ओळीवर काट मारली नाही, कारण बायका रडल्या होत्या हे खरेच होते. तिच्याखाली, हात थोडा कापत असल्यामुळे जरा मोठ्या अक्षरात, त्यांनी लिहिले : “रिजेक्ट. मुलीने त्याच रात्री सांगितले होते.” आणि तारीख घातली.

पत्नी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी वही वाचली.

“अहो, आणि मी रडले होते त्याचं काय? मला आवडला होता तो.”

गृहस्थांनी झाकण लावलेले पेन पुन्हा उघडले आणि खाली लिहिले : “पत्नीचे मत वेगळे.”